पक्ष्यांच्या पाठी

पक्षी बघायचा तर मान वर करायची, हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्याचा कधी विचारच होत नाही. वायलूसिंगच्या कड्यावर मात्र पक्षी खाली आणि आपण वर. पायाखालच्या पोकळीतून टर्की व्हल्चर, म्हणजे इथली लाल डोक्याची गिधाडं, पंख न हलवता झोकांड्या देत जातात आणि आपल्याला त्यांची पाठ दिसते. खालून ही गिधाडं नुसती काळी वाटतात. वरून बघितलं की कळतं, पाठीवरच्या पिसांना मातकट तपकिरी कड आहे, पंखांच्या टोकाची पिसं सुटी सुटी फाकलेली आहेत आणि हवेच्या दाबाने ती वर वाकलेली आहेत. एखादं गिधाड कड्याला इतकं लगटून जातं की हवा कापल्याचा आवाज ऐकू येतो. मग दुर्बीण डोळ्याला लावायचीसुद्धा आठवण राहत नाही.

वायलूसिंग हे विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं स्टेट पार्क. १९१७ साली झालेलं, म्हणजे इथल्या मानाने जुनंच. विस्कॉन्सिन नदी मिसिसिपीला जिथे मिळते, बरोबर त्या संगमावर, पाण्यापासून सुमारे पाचशे फूट उंच. १७ जून १६७३ रोजी मार्केट हा फ्रेंच पाद्री आणि जोलिएट हा व्यापारी आपल्या होड्या घेऊन याच तोंडातून मिसिसिपीत शिरले. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला तेव्हा अजून वर्ष होतं. परदेशातला इतिहास माझ्या डोक्यात असाच बसतो, शेजारी आपलं एखादं साल ठेवल्याशिवाय तो टिकत नाही.

हा भाग मुळात असा डोंगराळ कसा, हाही प्रश्न पडतोच. हिमयुगातल्या बर्फाने आजूबाजूचा प्रदेश रगडून सपाट केला, पण शेवटच्या हिमयुगात विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवा आणि इलिनॉय यांच्या सीमेवरचा हा एवढा तुकडा त्यातून सुटला. बर्फ त्याला वळसा घालून गेला. त्याला ड्रिफ्टलेस एरिया म्हणतात. पुढे ते बर्फ वितळलं आणि त्या पाण्याच्या लोंढ्यांनी नद्यांची पात्रं खोल कापत नेली. मॅडिसनहून पश्चिमेला निघालं की तासाभरात रस्ता वळणं घ्यायला लागतो, दोन्ही बाजूंना खडक उघडे पडतात आणि सह्याद्रीत वाढलेल्या माणसाचा जीव जरा भांड्यात पडतो. आमच्या मंडळाची सहल मात्र दर वर्षी डेल्सच्या वॉटर पार्कलाच जाते. तिथे मुलं खूश असतात आणि जेवणाची सोय होते, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. वायलूसिंगला साधा चहा मिळत नाही. चहाचा थर्मास, पोळीचे रोल आणि चिवडा घरूनच न्यायचा.

मे महिन्याचा दुसरा-तिसरा आठवडा हा खरा मोसम. ओकच्या झाडांना तेव्हा जेमतेम पालवी फुटलेली असते, पानांवर बारीक अळ्या पडलेल्या असतात आणि दक्षिणेकडून आलेले वॉर्बलर त्यांच्यावर तुटून पडलेले असतात. वॉर्बलर म्हणजे अंगठ्याएवढे, दहा-बारा ग्रॅमचे पक्षी. एका जागी दोन सेकंद थांबणार नाहीत आणि राहणार कुठे, तर झाडाच्या शेंड्याला. सपाटीवरच्या जंगलात त्यांच्या मागे हिंडणाऱ्याला दुपारपर्यंत मानदुखी होते आणि हाती लागतं काय, तर पांढरी-पिवळी पोटं.

सेंटिनल रिजच्या पायवाटेवर ही अडचण कड्यानेच सोडवलेली आहे. वाट कड्याच्या कण्यावरून जाते आणि उतारावरच्या झाडांचे शेंडे आपल्या डोळ्यांच्या रेषेत येतात. म्हणजे साठ-सत्तर फूट उंच ओक, आणि त्याच्या टोकाशी आपण समोरासमोर उभे. मी सेरुलियन वॉर्बलर पहिल्यांदा नीट पाहिला तो इथेच. त्याआधी तो माझ्यासाठी नुसता आवाज होता: भरभर तीन-चार घरघरते सूर आणि शेवटी वर चढत गेलेली एक लांब ‘झीऽऽ’. फोनमधलं मर्लिन, म्हणजे आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲप, त्याचं नाव दाखवत होतं आणि मी मान मोडून पानं बघत होते. इथे तो डोळ्यांसमोरच्या फांदीवर आला. आला तो आमच्याकडे पाठ करून. पाठ निळी, पण ती नीळ कशी सांगावी; जून उजाडण्याआधी आभाळ धुऊन निघतं त्या वेळची. तिच्यावर काळ्या बारीक रेघा, पंखांवर दोन पांढऱ्या पट्ट्या. मग वळला, तेव्हा पांढऱ्याशुभ्र गळ्याखाली ती बारीक निळी-काळी माळ दिसली. चोचीत हिरवी अळी होती. ती त्याने फांदीवर दोनदा आपटली, गिळली, चोच दोन्ही बाजूंनी सालीवर पुसली आणि पुन्हा गायला लागला. गाताना चोच एवढी उघडते की आतला गुलाबी घसा दिसतो.

हा पक्षी हिवाळा काढतो कोलंबिया, इक्वेडोर, पेरू या देशांतल्या अँडीजच्या उतारांवर, पुष्कळदा सावलीतल्या कॉफीच्या मळ्यांत. दोन्हीकडची जंगलं तुटत गेली आणि साठच्या दशकापासून त्याची संख्या निम्म्याहून खूप खाली आली. त्यामुळे त्याच्यासाठी लोक दुरून गाड्या हाकत येतात, तिपाया लावतात आणि तो दिसला की एकमेकांशी इतकं हळू बोलतात की देवळाच्या गाभाऱ्यातही आपण तेवढं बोलत नाही.

वाटेबद्दल थोडं. उंची सह्याद्रीपुढे काहीच नाही, राजगड चढलेल्या माणसाने तिला चढण म्हणू नये. पण गोचिडी! हरणांवरच्या या गोचिडी खसखशीच्या दाण्याएवढ्या असतात आणि त्यांच्यामुळे लाइम नावाचा चिवट आजार होतो. म्हणून कितीही उकडलं तरी लांब पँट, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले आणि घरी आल्यावर कपडे थेट ड्रायरमध्ये. वाटेच्या कडेला पॉयझन आयव्ही असते, तिला हात लावायचा नाही. बाकी सारं सुखाचं आहे.

गेल्या मे महिन्यात आई आली होती, कऱ्हाडहून. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आयांचं जे होतं तेच तिचंही होत होतं: घर नीटनेटकं, फ्रीजमध्ये चार भाज्या आणि दुपारी खिडकीशी बसून रिकाम्या रस्त्याकडे बघणं. तिला मी वायलूसिंगला घेऊन गेले. गुडघ्यांमुळे तिला पायवाट झेपणार नव्हती, पण पॉइंट लुकआउटपर्यंत गाडीतळापासून थोडंच चालायचं असतं. तिथे तिने दगडी कठड्याला हात टेकले, खालचा संगम नीट न्याहाळला आणि म्हणाली, “आपला प्रीतिसंगम बरा. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. या दोघींचं काय चाललंय तेच कळत नाही.”

तिचं खरं होतं. इथला संगम विस्कटलेला आहे. बेटं, वाळूचे पट्टे, मधेच अडलेली तळी, पाण्यात उभी असलेली सिल्व्हर मेपलची जंगलं. कुठलं पाणी कुठल्या नदीचं, ते रंगावरून ओळखायचं. त्यात भर माणसाने घातली. १९३०च्या दशकात मिसिसिपीवर जहाजांसाठी नऊ फूट खोलीचा मार्ग हवा म्हणून धरणं आणि जहाजांना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे लॉक बांधले गेले आणि त्यांच्या मागे पाणी पसरलं. उजनी धरणामागे भिगवणला जे झालं त्याच जातीची ही गोष्ट. धरण बांधणाऱ्यांच्या मनात पक्षी नव्हते, पक्ष्यांनी मात्र जागा धरली. फरक एवढाच की इथे धरणांच्या आधीच, १९२४ साली, नदीकाठची दोनशे साठ मैलांची पट्टी पक्षी-माशांसाठी राखीव झाली होती. मिसिसिपी हा उत्तर अमेरिकेतल्या स्थलांतराचा हमरस्ता आहे. पेलिकन, हंस, बदकं, सगळ्यांचा.

“आणि इथे देऊळ नाही?” आईने विचारलं. मी तिला मागच्या कण्यावरचे मातीचे उंचवटे दाखवले. हजारेक वर्षांपूर्वी इथल्या मूळ रहिवाशांनी ते रचले. काही गोल, काही लांबट, काही अस्वलाच्या आकाराचे. त्यांपैकी कित्येकांत माणसं पुरलेली आहेत. होचंक लोक त्यांना आपल्या पूर्वजांचे मानतात. आई तिथे थांबली, चपला काढल्या, हात जोडले आणि पुन्हा चपला घालून पुढे निघाली. संगमावर काहीतरी असणारच, ही तिची खात्री होती, ती पटली.

ती परत कठड्याशी जाऊन बसली आणि गिधाडं बघत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “आमच्याकडे होती ना पूर्वी. मेलेलं जनावर ओढ्यापलीकडे टाकलं की तासाभरात आभाळातून उतरायची. आम्ही पोरं लांबून बघायचो. तुला आठवतायत का?” मला नाही आठवत. माझं लहानपण ती संपत असतानाचं. नव्वदच्या दशकात गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक टोचायला लागले. औषध अंगात असताना मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. पांढऱ्या पाठीची गिधाडं दहा-पंधरा वर्षांत नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक संपली. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली तोवर ओढ्यापलीकडची जागा कुत्र्यांची झाली होती. आईच्या तोंडून हे ऐकताना एक गोष्ट ध्यानात आली: गिधाडं गेल्याची तिला बातमी अशी कधी मिळालीच नाही. ती दिसेनाशी झाली आणि दिसत नाहीत, हे तिला इथे, दुसऱ्या खंडातल्या दुसऱ्याच जातीच्या गिधाडांकडे बघताना जाणवलं.

त्याच आभाळात बॉल्ड ईगलही होते. त्यांची गोष्ट उलटी आहे. डीडीटीमुळे त्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन फुटायची. १९६३ साली अलास्का सोडून अख्ख्या अमेरिकेत त्यांच्या ४१७ जोड्या उरल्या होत्या. आमच्या मॅडिसनमध्ये १९६८-६९ मध्ये डीडीटीवर महिनोन्‌महिने सुनावणी चालली, शास्त्रज्ञांनी साक्षी दिल्या, कंपन्यांच्या वकिलांनी उलटतपासणी घेतली. विस्कॉन्सिनने बंदी घातली, पाठोपाठ १९७२ साली केंद्राने. २००७ मध्ये हा गरुड धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर पडला. आता हिवाळ्यात धरणांखाली पाणी गोठत नाही तिथे ते मासे मारायला जमतात आणि लोक गाडीत हीटर लावून बघत बसतात. कारण एकच असलं, ते वेळेत सापडलं आणि सोडता आलं, तर पक्षी परत येतात. दर वेळी इतकं सोपं नसतं.

पॉइंट लुकआउटच्या बाजूच्याच कड्यावर, नदीकडे तोंड करून, एक दगडी स्मारक आहे. त्यात ब्राँझची पाटी, पाटीवर फांदीवर बसलेलं एक लांब शेपटीचं कबुतर. विस्कॉन्सिनच्या पक्षिनिरीक्षकांच्या संस्थेने ते १९४७ साली उभारलं. राज्यातल्या शेवटच्या पॅसेंजर पिजनला, जो सप्टेंबर १८९९ मध्ये बॅबकॉक इथे गोळी घालून मारला गेला, त्याला हे अर्पण. ही प्रजाती माणसाच्या हावरटपणाने आणि अविचाराने नष्ट झाली, असं त्यावर लिहिलेलं आहे. सरकारी बागेतल्या पाटीवर इतकी सरळ भाषा मी दुसरीकडे कुठे वाचलेली नाही. ‘दुर्दैवाने’ नाही, ‘काळाच्या ओघात’ नाही. हावरटपणाने.

हे कबुतर दुर्मीळ नव्हतं. बहुधा या खंडावरचा सर्वांत मुबलक पक्षी तोच होता. १८७१ च्या वसंतात मध्य विस्कॉन्सिनमध्ये त्यांची एक वीण झाली, तिचा पसारा साडेआठशे चौरस मैल होता असा हिशेब पुढे जुन्या नोंदींवरून मांडला गेला. साडेतीन मुंबया बसतील एवढी जागा, त्यात झाडाझाडावर घरटी आणि अंदाजे तेरा-साडेतेरा कोटी पक्षी. फांद्या वजनाने मोडायच्या. मादी एकच अंडं घालायची. इतक्या संख्येपुढे ससाणे, कोल्हे, घुबडं खाऊन खाऊन थकायची आणि उरलेले जगायचे, असं ते गणित. त्या गणितात तार आणि रेल्वे धरलेली नव्हती. वीण कुठे बसली ते तारेने कळायचं, शिकारी रेल्वेने यायचे, पक्षी बर्फ घातलेल्या पिंपांतून शिकागो, मिलवॉकी, न्यूयॉर्कला जायचे. पिल्लं घरट्यातून काठीने पाडायचे. पुढच्या तीसेक वर्षांत रानातली कबुतरं संपली. शेवटची मादी, मार्था, सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात १ सप्टेंबर १९१४ रोजी मेली.

स्मारकाशी उभं असताना खालून मालगाडी जाते. कड्याच्या पायथ्याशी, पाण्याला लागून रूळ आहेत. मिलवॉकीहून निघालेली रेल्वे इथून जवळच्या प्रेरी डू शीनला पोचली १८५७ साली. आज या गाड्या डबल-डेकर कंटेनर वाहतात, शंभर-शंभर डब्यांच्या असतात, आणि त्यांचा भोंगा दोन्ही काठांच्या कड्यांवर आपटत बराच वेळ फिरतो. तेवढा वेळ वॉर्बलर ऐकू येत नाहीत. लोक वैतागतात. मला त्या जागी तो आवाज अगदी योग्य वाटतो.

माझ्यासोबत नेहमी येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. चाळीस वर्षं पक्षी बघतायत, कान असा की बंद गाडीतून टॅनेजर ओळखतात. त्यांचा आणि माझा एका गोष्टीवर कायमचा वाद आहे. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या वेबसाइटवर यादी भरताना पक्ष्यापुढे आकडा टाकायचा असतो, पण मोजायचा कंटाळा आला तर नुसता ‘एक्स’ टाकता येतो, म्हणजे ‘होता, किती ते माहीत नाही’. सेरुलियन त्या अगदी काटेकोर मोजतात: तीन नर, एक मादी. रॉबिन, ब्लॅकबर्ड, ग्रॅकल यांच्यापुढे मात्र ‘एक्स’. “ते काय, सगळीकडेच आहेत,” असं त्यांचं म्हणणं. कबुतराच्या स्मारकापासून वीस पावलांवर बसून त्या हे म्हणतात.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं की उत्तर अमेरिकेतून १९७० पासून सुमारे तीनशे कोटी पक्षी कमी झालेत, दहातले जवळपास तीन. त्यांतला मोठा वाटा या ‘सगळीकडेच असलेल्यांचा’. रेड-विंग्ड ब्लॅकबर्ड एकटा नऊ कोटींनी घटला. आणि हे कळलं कसं, तर पन्नास वर्षं दर उन्हाळ्यात ठरलेल्या रस्त्यांवर ठरलेल्या ठिकाणी थांबून कुणीतरी कंटाळा न करता तेही मोजले म्हणून. ‘एक्स’ची बेरीज होत नाही. दुर्मीळ पक्ष्याकडे शंभर दुर्बिणी लागलेल्या असतात, तो हरवला तर दुसऱ्या दिवशी गवगवा होतो. नान्नजच्या माळढोकाचं तेच आहे. उरलाय की नाही याची बातमी तरी छापून येते. ओढ्यापलीकडच्या गिधाडांची नाही आली.

आईला वाद कळला, कारण मी तो मराठीत पुन्हा सांगितला. तिचा कौल माझ्या बाजूने पडला नाही, तिने नवाच मुद्दा काढला. खाली दलदलीत शंभरेक रेड-विंग्ड ब्लॅकबर्ड कलकलाट करत होते. काळा पक्षी, खांद्यावर लालभडक फीत. “हा हवालदार आहे,” ती म्हणाली, “खांद्यावर फीत, काम काही नाही आणि आवाज सगळ्यांत मोठा. याला मोजा, नाहीतर तोच तुम्हाला मोजेल.” शिक्षिकाबाईंना हे भाषांतर करून सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की शेजारच्या तिपायीवाल्याने वळून बघितलं.

परतताना प्रेरी डू शीनला पेट्रोल भरायला थांबलो. पंपाच्या छताखालच्या लोखंडी खाचांमध्ये चिमण्यांची घरटी होती. आपलीच चिमणी, १८५०च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये मुद्दाम आणून सोडली, ती सगळ्या खंडभर पसरली. इथले पक्षिप्रेमी तिच्यावर जाम खार खाऊन असतात, कारण ती ब्लूबर्डच्या पेट्या बळकावते आणि आतली पिल्लं मारते. ब्लूबर्डच्या पेट्या राखणारे स्वयंसेवक तिची घरटी दर आठवड्याला काढून फेकतात. कायद्यानेही तिला इथे संरक्षण नाही. चिऊताईच्या मेणाच्या घरावर वाढलेल्या माणसाला हे पचवायला वेळ लागतो, पण ब्लूबर्डच्या बाजूने विचार केला तर त्यांचं चुकतंय असंही म्हणवत नाही. आता तर तीही कमी होते आहे, इथेही आणि युरोपातही, आणि तिच्यासाठी रडायला इथे कुणी नाही.

गाडीत बसल्यावर आईने यादी वाचून दाखवायला सांगितली. वाचली. बासष्ट जाती, सेरुलियन, केंटकी वॉर्बलर, पायलिएटेड सुतार, सगळे.

“चिमण्या?”

“त्या पार्कात नव्हत्या आई. इथल्या वेगळ्या जागेच्या, त्यांची वेगळी यादी करावी लागते.”

“मग कर की.”

मागच्या सीटवरून शिक्षिकाबाईंनी विचारलं, काय म्हणतायत. मी सांगितलं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग छताकडे, मग दुर्बीण परत पिशवीतून काढली. मागच्या पिकअपवाल्याने हॉर्न दिला, म्हणून गाडी पंपापासून काढून हवेच्या मशीनशी लावली आणि तिघी मोजायला बसलो. आईचे चौदा झाले, माझे अकरा. बाईंचं म्हणणं, आई आत-बाहेर करणारी एकच चिमणी तीनदा धरतेय.